दास्यविमोचन आणि स्त्रियांचा मताधिकार

सन १८३३ च्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी एक परिषद भरली होती. गुलामगिरी तत्काळ नष्ट झाली पाहिजे असे मानणाऱ्या साठ-एक पुरुषांनी तेथे ‘अमेरिकन गुलामगिरी-विरोधी संस्था’ स्थापन केली आणि आपल्या ध्येयाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सभागृहात काही स्त्रियाही बसल्या होत्या. त्यांत ल्युक्रिशिया मॉट ह्या क्वेकर पंथाच्या चाळीस वर्षांच्या बाई होत्या. क्वेकरांच्या प्रार्थनासभेत स्त्रियांना बोलण्याची मुभा असे. त्या सवयीने त्या उठल्या आणि जाहीरनाम्यातील शब्दरचनेविषयी त्यांनी सूचना केली. परंतु सह्यांची वेळ आली तेव्हा ह्या स्त्रियांपुढे कागद ठेवावा असे कोणा पुरुषाच्या मनात आले नाही. आणि विशेष हे की, तो आपल्यापुढे यावा असे स्त्रियांच्याही मनात आले नाही.

थोड्याच दिवसांत त्याच शहरातील स्त्रियांनी स्वतःची निराळी संस्था काढण्याचे ठरविले. जमल्या खऱ्या, पण सभा चालवावी कशी, हे त्यांच्यातील एकीलाही ठाऊक नव्हते. ठराव कोणी मांडायचा, अनुमोदन केव्हा द्यायचे, मते कशी घ्यायची, ह्या गोष्टी पुरुषांच्या जगातल्या. शेवटी जेम्स मॅकक्रमेल नावाच्या एका कृष्णवर्णीय गृहस्थांना बोलावून अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवावे लागले. मॉटबाई हा प्रसंग पुढे मोठ्या खेळकरपणे सांगत. कायद्याच्या कागदपत्रांत कृष्णवर्णीय, वेडे आणि स्त्रिया ह्यांची गणना एकत्रच होत असल्यामुळे, मदतीला आपल्याच वर्गातला मनुष्य मिळाला ह्याचा आम्हांला आनंद वाटला, असे त्या म्हणत.

अमेरिकेतील स्त्रियांच्या मताधिकाराचा इतिहास सांगताना बहुधा त्या काळच्या थोर तत्त्वविचाराचा उल्लेख आधी केला जातो. तो योग्यही आहे. गुलामाला माणूस म्हणून जन्मतःच हक्क आहेत असे एकदा मानले, की तोच न्याय स्त्रीला का नको, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. परंतु केवळ विचाराने चळवळ उभी राहत नाही. तिला सभा चालविणारी, वर्गणी गोळा करणारी, अर्ज लिहिणारी, दारोदार हिंडणारी आणि शिव्याशाप सोसून पुन्हा दुसऱ्या दिवशी त्याच दारी जाणारी माणसे लागतात. अशी माणसे स्त्रियांमध्ये तयार झाली ती गुलामगिरी-विरोधी चळवळीच्या शाळेत. फिलाडेल्फियाच्या त्या स्त्रीसंस्थेत गोऱ्या व कृष्णवर्णीय स्त्रिया आरंभापासून एकत्र बसत. शार्लट फोर्टेन आणि त्यांच्या मुली ह्या तेथील संपन्न कृष्णवर्णीय घराण्यातल्या स्त्रिया संस्थापकांत होत्या. संस्थेने जत्रा भरवून, हातच्या वस्तू विकून पैसा उभा केला, हिशेब ठेवले, इतिवृत्ते लिहिली. ती १८७० पर्यंत चालली. पंचवीस-तीस वर्षे ज्यांनी हे केले, त्यांना सभा चालविण्यासाठी दुसऱ्या कोणाला बोलवावे लागणार नव्हते.

त्याहूनही मोठे शिक्षण विनंतिअर्जांनी दिले. ज्यांना मत नाही त्यांनाही राज्यसंस्थेकडे अर्ज करण्याचा हक्क होता. स्त्रियांच्या हाती असलेले राजकीय साधन जवळजवळ तेवढेच. १८३० नंतरच्या दशकात गुलामगिरीच्या विरुद्ध सह्या केलेल्या अर्जांचे भारेच्या भारे वॉशिंग्टनला येऊन पडू लागले, आणि त्या सह्यांत स्त्रियांच्या सह्यांचा वाटा फार मोठा होता. दक्षिणेकडील गुलामधन्यांच्या प्रतिनिधींना हा मारा सहन होईना. १८३६ मध्ये प्रतिनिधिगृहाने असा नियमच केला, की गुलामगिरीसंबंधीचा कोणताही अर्ज न वाचता, त्यावर चर्चा न करता बाजूला ठेवावा. हा नियम १८४४ पर्यंत टिकला. स्त्रियांनी आपले घरकाम सोडून असल्या उठाठेवी कराव्यात हे राष्ट्राला लाजिरवाणे आहे, असे एका प्रतिनिधीने म्हटले. तेव्हा वृद्ध जॉन क्विन्सी अॅडम्स ह्यांनी १८३८ मध्ये गृहात त्याला सविस्तर उत्तर दिले. हे गृहस्थ पूर्वी राष्ट्राध्यक्ष होते आणि त्या पदावरून उतरल्यावर साधे प्रतिनिधी म्हणून पुन्हा निवडून आले होते. इतिहासात ज्या ज्या स्त्रियांनी राष्ट्रकार्यात भाग घेतला, त्यांची उदाहरणे देऊन त्यांनी स्त्रियांच्या अर्जाच्या हक्काचे समर्थन केले. दुसऱ्याच्या मुक्तीसाठी सही मागायला गेलेल्या स्त्रीला आपल्या सहीची किंमत काय, हा प्रश्न तेथे प्रथम दिसला.

सभेत बोलण्याचा प्रश्न ह्याहून अवघड होता. स्त्रीपुरुषांच्या संमिश्र श्रोतृवर्गापुढे उभे राहून राजकीय विषयावर बोलणारी आणि जिची भाषणे आज उपलब्ध आहेत, अशी पहिली अमेरिकन स्त्री म्हणजे बॉस्टनच्या मरिया स्ट्यूअर्ट. त्या कृष्णवर्णीय होत्या, विधवा होत्या आणि १८३२ मध्ये त्या व्यासपीठावर आल्या. वर्षभरातच विरोधाला कंटाळून त्यांनी ते शहर सोडले. लोकांच्या स्मरणात मात्र त्यांच्यामागून आलेल्या ग्रिमके भगिनी अधिक राहिल्या.

सारा आणि अँजेलिना ह्या दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटनच्या एका न्यायाधीशाच्या मुली. घरी गुलाम होते. लहानपणी साराला तिच्या सेवेस एक गुलाम मुलगी दिलेली होती. गुलामांना वाचावयास शिकविणे तेथे कायद्याने गुन्हा होता. सारा रात्री दार लावून घेई, किल्लीचे छिद्र झाकी आणि दोघी मुली शेगडीच्या उजेडात जमिनीवर पालथ्या पडून अक्षरे गिरवीत. हे उघडकीस आले तेव्हा घरात मोठाच गहजब झाला. पुढे दोघी बहिणी घर सोडून उत्तरेस आल्या. १८३७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील गावोगाव त्यांनी व्याख्याने दिली. आरंभी ही व्याख्याने केवळ स्त्रियांसाठी असत. मग दाराशी, खिडकीशी पुरुष उभे राहू लागले. आणि पाहता पाहता सभा मिश्र झाली. गुलामगिरी प्रत्यक्ष पाहिलेल्या, धन्याच्या घरच्या मुली ती वर्णन करीत आहेत, ह्या गोष्टीला जी ओढ होती ती उत्तरेकडील कोणत्याही वक्त्याच्या वाणीत असणे शक्य नव्हते.

त्या वर्षीच्या जुलैत मॅसॅच्युसेट्सच्या धर्मोपदेशकांच्या मंडळाने एक पत्रक काढून ह्या प्रकाराचा निषेध केला. स्त्रीची शोभा आधाराला बिलगणाऱ्या वेलीची आहे. तिने स्वतःच वृक्ष होण्याचा हव्यास धरला, तर ती फळ द्यावयाची थांबेल आणि धुळीस मिळेल, असा त्याचा आशय होता. वेल आणि वृक्ष ह्यांची ही उपमा कोणत्या देशात वापरली गेली नाही, हे सांगणे कठीणच! साराने उत्तर म्हणून लिहिलेली पत्रे १८३८ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. स्त्रीपुरुषांच्या समतेविषयी अमेरिकेत सांगोपांग लिहिल्या गेलेल्या आरंभीच्या ग्रंथांत तिची गणना होते. त्याच वर्षी २१ फेब्रुवारीस अँजेलिना राज्याच्या विधिमंडळाच्या समितीपुढे स्त्रियांचे अर्ज घेऊन बोलली. अमेरिकेतील कोणत्याही विधिमंडळापुढे बोलणारी ती पहिली स्त्री.

ह्या कामी उपदेशकांपेक्षा मित्रांना तोंड देणे अधिक जड गेले. गुलामगिरीच्या विरुद्ध जिवावर उदार होऊन लढणाऱ्या काही सहकाऱ्यांनीच भगिनींना कळकळीने लिहिले, की स्त्रियांच्या हक्काचा वाद तूर्त बाजूला ठेवा. गुलामाचे दुःख मोठे आहे, ते आधी दूर होऊ द्या. ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ ह्या वादात वाढलेल्या मराठी श्रोत्यांना हा युक्तिवाद परका वाटणार नाही. अँजेलिनाचे म्हणणे असे होते, की बोलण्याचा हक्कच सोडून दिला तर गुलामासाठी बोलावयाचे कोणी? आपल्यापुरता हा प्रश्न तिने असा सोडविला. तीस वर्षांनी तो पुन्हा उभा राहिला, तेव्हा मात्र तो इतक्या सहजपणे सुटला नाही.

१८३८ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात ‘पेनसिल्व्हेनिया हॉल’ ही नवी, भव्य इमारत उघडली. मुक्त चर्चेसाठी दुसरीकडे जागा मिळेना, म्हणून सुधारकांनी वर्गण्या जमवून ती बांधली होती. अँजेलिनाचे लग्न उद्घाटनाच्याच दिवशी झाले. १६ मे रोजी ती तेथे बोलावयास उभी राहिली तेव्हा बाहेर जमलेला जमाव खिडक्यांवर दगड फेकीत होता. काचा फुटत होत्या आणि ती बोलत होती. सभा संपल्यावर गोऱ्या व कृष्णवर्णीय स्त्रिया एकमेकींच्या हातात हात घालून त्या जमावातून बाहेर पडल्या. दुसऱ्या रात्री जमावाने इमारत जाळून टाकली. चार दिवसांचे आयुष्य!

चळवळीच्या आतही तडे गेले. १८४० च्या मे महिन्यात अॅबी केली ह्या तरुण स्त्रीला संस्थेच्या कार्यसमितीवर नेमले गेले, तेव्हा विरोधकांनी बाहेर पडून वेगळी संस्था काढली. पुढच्याच महिन्यात लंडन येथे जागतिक गुलामगिरी-विरोधी परिषद भरली. अध्यक्षस्थानी ८० वर्षांचे थॉमस क्लार्कसन होते. इंग्रजांचा गुलामांचा व्यापार बंद पाडण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. अमेरिकेतून रीतसर निवडून आलेल्या प्रतिनिधींत मॉटबाई आणि इतर काही स्त्रिया होत्या. १२ जून रोजी परिषदेचा पहिलाच दिवस ह्या स्त्रियांना बसू द्यावे की नाही, ह्याच्या वादात गेला. गुलामाला माणूस म्हणून मान्यता मिळवून देण्यासाठी जमलेल्या थोर पुरुषांनी बायबलातील वचने काढली, इंग्लंडातील रूढीचा हवाला दिला आणि प्रचंड बहुमताने स्त्रियांना बाजूच्या कठड्याआड प्रेक्षक म्हणून बसविले. चळवळीचे अग्रणी विल्यम लॉइड गॅरिसन ह्यांचे जहाज उशिरा पोहोचले. झालेला प्रकार ऐकून त्यांनी आपली प्रतिनिधीची जागा घेतली नाही. परिषद संपेपर्यंत ते वरच्या सज्जात मुके बसून राहिले.

त्या कठड्याआड एका प्रतिनिधीची नवपरिणीत पत्नी बसलेली होती. वय २४, नाव एलिझाबेथ केडी स्टँटन. तिची आणि मॉटबाईंची तेथे ओळख झाली. लंडनच्या रस्त्यातून जाताना आपण दोघींनी स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरविण्याचा निश्चय केला, असे स्टँटनबाईंनी पुढे लिहून ठेवले. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी पुष्कळदा कथेचा आकार घेतात. तथापि, ही परिषद प्रत्यक्षात भरावयास आठ वर्षे लागली, ही गोष्ट खरी.

न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स ह्या लहानशा गावी १९ व २० जुलै १८४८ रोजी ती भरली. तिची योजना चहाच्या टेबलाभोवती पाच स्त्रियांनी केली; पैकी चौघी क्वेकर. जाहीरनामा लिहावयास बसल्या तेव्हा त्यांनी नमुन्यासाठी गुलामगिरी-विरोधी आणि मद्यपानविरोधी परिषदांची इतिवृत्ते चाळली. ती त्यांना फारच मिळमिळीत वाटली. मग १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामाच त्यांनी पुढे घेतला आणि इंग्लंडच्या राजाच्या जागी पुरुषजात घातली. सुमारे ३०० लोक जमले. १०० जणांनी सह्या केल्या, ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुष. विवाहित स्त्रीची मिळकत, तिची मजुरी, तिचे शिक्षण ह्यांविषयीचे सगळे ठराव एकमताने संमत झाले. मतदानाच्या हक्काचा ठराव तेवढा अडला. मॉटबाईंनाही तो फार पुढचा वाटत होता. लोक आपल्याला हसतील अशी त्यांना भीती होती. त्या वेळी स्टँटनबाईंच्या मदतीस एक मनुष्य उभा राहिला. दहा वर्षांपूर्वी तो मेरिलँडमधील आपल्या धन्याकडून पळून आला होता आणि आता जवळच्या रोचेस्टर शहरात स्वतःचे वृत्तपत्र चालवीत होता. तो फ्रेडरिक डग्लस. मताशिवाय बाकीचे सारे हक्क दुसऱ्याच्या मर्जीवर राहतात, हे गुलामीतून आलेल्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. ठराव थोड्या बहुमताने संमत झाला.

ह्या परिषदेचे अध्यक्षस्थानही एका पुरुषाकडे, मॉटबाईंच्या यजमानांकडे होते. मात्र दोनच आठवड्यांनी, २ ऑगस्टला रोचेस्टर येथे दुसरी परिषद भरली तेव्हा तेथील स्त्रियांनी अॅबिगेल बुश ह्यांना अध्यक्षपदी बसविले. हे धाडस पाहून स्वतः मॉट आणि स्टँटन अस्वस्थ झाल्या व त्यांनी त्यास विरोध केला! बुशबाईंनी सभा व्यवस्थित चालविली. पुढे ह्या प्रसंगाबद्दल स्टँटनबाईंनी दिलगिरीही व्यक्त केली.

त्यानंतरच्या वर्षांत दोन्ही चळवळींचे कार्यकर्ते, पैसा, सभागृहे आणि शत्रू बहुतांशी एकच होते. ल्यूसी स्टोन ह्यांना गुलामगिरी-विरोधी संस्थेने पगारी वक्त्या म्हणून नेमले. त्या स्त्रियांविषयीही बोलू लागल्या, तेव्हा संस्थेशी तडजोड झाली: शनिवार-रविवार गुलामांसाठी, आणि आठवड्याचे इतर दिवस, स्वतःच्या जबाबदारीवर, स्त्रियांसाठी. सुझन बी. अँथनी १८५६ पासून त्याच संस्थेच्या न्यूयॉर्क राज्यातील प्रतिनिधी होत्या. यादवी युद्ध सुरू असताना, १८६३ मध्ये, अँथनी व स्टँटन ह्यांनी स्त्रियांचा संघ काढून सर्व गुलामांच्या मुक्तीसाठी सह्या जमविल्या. फेब्रुवारी १८६४ मध्ये पहिल्या १,००,००० सह्यांच्या गुंडाळ्या दोन उंच कृष्णवर्णीय पुरुषांनी सिनेटमध्ये उचलून आणून चार्ल्स समनर ह्यांच्या मेजावर ठेवल्या. एकूण संख्या ४,००,००० च्या घरात गेली. १८६५ च्या अखेरीस तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली.

येथवरची कथा ऋणाची आहे. ह्यापुढची कथा सांगावयास तितकी सुखकर नाही.

मुक्त झालेल्या गुलामाला मत द्यावयाचे, तर स्त्रीला का नाही? जुन्या सहकाऱ्यांनी उत्तर दिले, की ही घटका कृष्णवर्णीयांची आहे. एका पिढीने एकच प्रश्न सोडवावा. चौदाव्या दुरुस्तीत मतदारांच्या संदर्भात ‘पुरुष’ हा शब्द अमेरिकेच्या घटनेत प्रथमच शिरला, आणि स्टँटनबाईंचा संताप अनावर झाला. १८६७ मध्ये कॅन्सस राज्यात कृष्णवर्णीयांच्या आणि स्त्रियांच्या मताधिकारावर वेगवेगळे सार्वमत घेण्यात आले. दोन्ही प्रस्ताव पडले. त्या प्रचारात अँथनी व स्टँटन ह्यांनी जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन ह्या धनिकाची मदत घेतली. हा मनुष्य कृष्णवर्णीयांची उघड टवाळी करणारा होता, आणि त्यांच्या वृत्तपत्राला भांडवलही त्यानेच पुरविले. स्टँटनबाईंच्या लेखणीतूनही सुशिक्षित गोऱ्या स्त्रीच्या आधी ‘अडाणी’ कृष्णवर्णीयाला आणि परदेशातून आलेल्याला मत कसे, असे शब्द उतरू लागले. ज्यांच्या चळवळीत त्या बोलावयास शिकल्या, त्यांच्याविषयी वापरलेले हे शब्द वाचताना आज वाईट वाटते. आणि त्या काळाची रीतच तशी होती असे म्हणून ते झाकता येत नाहीत, कारण त्याच काळात, त्याच व्यासपीठावर, त्यांचा प्रतिवाद करणारे लोक होते.

त्यांतील फ्रान्सिस हार्पर ह्यांचे नाव विशेष घेतले पाहिजे. त्या स्वतंत्र कृष्णवर्णीय घराण्यातल्या, कवयित्री आणि वक्त्या. १८६६ च्या न्यूयॉर्क येथील परिषदेत त्यांनी आधी आपल्या वैधव्याची हकीगत सांगितली. पती कर्ज ठेवून वारला, तेव्हा घरातील दुधाची भांडीसुद्धा कायद्याने उचलून नेली. बायको मेली असती तर नवऱ्याच्या संसाराला कोणी हात लावला नसता. हे ऐकून सभेतील स्त्रियांनी माना डोलावल्या असतील. मग त्या गाडीच्या कंडक्टरकडे वळल्या. गोऱ्या भगिनींनो, तुम्ही हक्कांविषयी बोलता. मला रस्त्यातल्या गाडीत बसू देत नाहीत, ह्या अन्यायाविषयी बोलावयाचे आहे. असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. जी माणसे एकाच वेळी स्त्री आणि कृष्णवर्णीय होती, त्यांना ‘आधी कोण’ ह्या प्रश्नात उभे राहावयास जागाच नव्हती.

मे १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत ताटातूट झाली. कृष्णवर्णीयांना घरातून ओढून काढून दिव्याच्या खांबाला लटकावले जात आहे, म्हणून त्यांची निकड अधिक आहे, असे डग्लस म्हणाले. कृष्णवर्णीय स्त्रीच्या बाबतीत हे खरे नाही काय, असे सभेतून कोणी विचारले. खरे आहे, पण ती स्त्री आहे म्हणून नव्हे, कृष्णवर्णीय आहे म्हणून, हे डग्लस ह्यांचे उत्तर होते. हार्परही त्यांच्याच बाजूला उभ्या राहिल्या. त्या वर्षी मताधिकारवादी स्त्रियांच्या दोन संस्था झाल्या: पंधराव्या दुरुस्तीच्या विरोधी स्टँटन-अँथनींची एक, आणि तिला पाठिंबा देणारी ल्यूसी स्टोन ह्यांची दुसरी. त्या एकत्र यावयास १८९० साल उजाडले.

मतभेद झाला तरी गुलामगिरी-विरोधी चळवळीत शिकलेली रीत सुटली नाही. अन्यायी कायदा मोडावा आणि शिक्षा उघडपणे पत्करावी, ही ती रीत. १८७२ मध्ये अँथनींनी रोचेस्टर येथे मतदान केले. जून १८७३ मध्ये त्यांच्यावर खटला होऊन १०० डॉलर दंड झाला. तो त्यांनी अखेरपर्यंत भरला नाही. त्याच वर्षी पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यविमोचनासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. तेरा वर्षांनी आनंदीबाई जोशी ज्या फिलाडेल्फियाच्या विद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि ज्यांच्या पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या, ते स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय १८५० मध्ये क्वेकर सुधारकांनीच काढले होते. त्याच्या पहिल्या स्त्री-अधिष्ठाता अॅन प्रेस्टन ह्या तरुणपणी गुलामगिरी-विरोधी संस्थेच्या कार्यकर्त्या होत्या.

डग्लस ह्यांनी ताटातुटीनंतरही स्त्रियांची बाजू सोडली नाही. १८९५ च्या आरंभी मताधिकार संघटनेचे अधिवेशन दक्षिणेत, अटलांटा येथे भरले, तेव्हा अँथनींनी आपल्या ह्या जुन्या मित्राला तेथे न येण्याची विनंती केली. दक्षिणेतील गोऱ्या स्त्रिया दुखावतील अशी भीती होती. त्याच वर्षी २० फेब्रुवारीस डग्लस वॉशिंग्टनमधील स्त्रियांच्या एका परिषदेस गेले होते. तेथे त्यांना सन्मानाने व्यासपीठावर नेण्यात आले. संध्याकाळी घरी परत आल्यावर, परिषदेची हकीगत पत्नीला सांगत असताना ते एकाएकी कोसळले आणि त्यांचा अंत झाला.

एकोणिसावी दुरुस्ती २६ ऑगस्ट १९२० रोजी जाहीर झाली. सेनेका फॉल्सच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी शार्लट वुडवर्ड ही एकच स्त्री तेव्हा हयात होती. नव्वदी ओलांडलेल्या त्या वृद्धेला आजारपणामुळे मतदानास जाता आले नाही. दक्षिणेकडील कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ज्या मतदार म्हणून नाव नोंदवावयास गेल्या, त्यांच्यापुढे साक्षरतेच्या परीक्षा आणि मतदान-कर ठेवण्यात आले. त्यांतील बहुतेकींना मतपेटीपर्यंत पोहोचावयास १९६५ सालचा कायदा व्हावा लागला.